दर दोन महिन्यांनी तीच खाज, तीच गोळी

पत्र: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 41, दोन मुलं. तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी त्यातली एक बदलून दिली. गेल्या दिवाळीपासून खाली सारखी खाज येते, आग होते, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं. मेडिकलमधून एक कॅप्सूल आणते, ट्यूब लावते, चार दिवसांत बरं वाटतं आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. आतापर्यंत पाच वेळा झालं. सध्या भातलावण चालू आहे, दिवसभर ओल्यात उभी असते, जीव नकोसा होतो. जाऊबाई म्हणतात डेटॉलच्या पाण्यानं आतून धू. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, गोड बंद कर. हे नवऱ्याकडून होतं का? कॅन्सर तर नाही ना? दवाखान्यात तपासून घ्यायची लाज वाटते.

उत्तर: ताई, शुगरची गोळी बदलल्याचं तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंत, आमचं लक्ष मात्र तिथंच अडकलं. गोळी बदलली वर्षभरापूर्वी, खाज सुरू झाली दिवाळीपासून. या दोन्हींचा संबंध असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या काढा आणि मागचं बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्या. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव, ते सोडा. त्याच्याखाली औषधाचं खरं नाव असतं. त्याचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा होतोय का बघा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. बऱ्याचदा हे औषध मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा व्हिल्डाग्लिप्टिनच्या जोडीनं एकाच गोळीत बसवलेलं असतं. पहिलं नाव वाचून थांबू नका, सगळी ओळ वाचा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे 2020 मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आता ती खेड्यापाड्यातल्या पेशंटच्या पिशवीतही दिसते.

मूत्रपिंड रक्तातली साखर आधी गाळतं आणि मग जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतं. ही गोळी ते परत ओढणं अडवते. साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि रक्तातली कमी होते. शुगरच्या पेशंटमध्ये अशी दिवसाला साधारण 70 ग्रॅम साखर जाते, म्हणजे चहाचे चौदा चमचे. लघवीनंतर बाहेरच्या त्वचेवर जो ओलावा राहतो तोही साखरेचा, आणि बुरशीला ऊब, ओल आणि साखर याहून जास्त काही लागत नाही. ही गोळी घेणाऱ्या शंभर बायकांतल्या साधारण सात ते दहा जणींना हा त्रास होतो. तरीही ती आपल्या मनानं बंद करू नका. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती खरोखर फायद्याची आहे, डॉक्टरांनी कदाचित त्यासाठीच दिली असेल. त्यांना सरळ सांगा, "ही गोळी सुरू झाल्यापासून पाच वेळा बुरशी झाली." मग ते गोळी बदलतील, नाहीतर बुरशीचं लांब पल्ल्याचं औषध देऊन तीच चालू ठेवतील. ही गोळी चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, ती बघून शुगर वाढली असं समजून घाबरू नका. शुगरचा खरा हिशेब रक्तातल्या एचबीए1सी या तपासणीत कळतो, त्यात मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी येते. तो आकडा 7 च्या आसपास आला तर ठीक. 9-10 असेल, तर गोळी कुठलीही असो, बुरशी पुन्हा पुन्हा येणार, कारण शुगर चढलेली असली की साखर लघवीत उतरतेच आणि जंतूंशी लढण्याची अंगातली ताकदही कमी पडते.

आता दुसरी गोष्ट. पाच वेळा त्रास झाला, पण पाचांतल्या एकदा तरी कुणी तपासून पाहिलं का? पत्रावरून तरी नाही वाटत. तुम्ही केलेलं वर्णन बुरशीला जुळतं हे खरं, तरी अंदाज फार वेळा चुकतो. 2002 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्वतःला बुरशीच झाली आहे असं समजून दुकानातून औषध घेणाऱ्या बायकांची तपासणी केली, तर निव्वळ बुरशी निघाली फक्त तिघींत एकीला. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, नाहीतर जोडीला आणखी काही होतं.

फरक असा ओळखतात. बुरशीत खाज आणि आग जास्त, पांढरं घट्ट, गुठळ्यांचं, आणि त्याला वास जवळजवळ नसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ती बळावते आणि पाळी आल्यावर बऱ्याचदा उतरते. पातळ, करडट पांढरं जात असेल, मासळीसारखा वास येत असेल आणि संबंधानंतर किंवा पाळीनंतर तो वाढत असेल, तर तो जिवाणूंचा प्रकार. त्याला मेट्रोनिडाझोलसारखं औषध लागतं, बुरशीच्या कॅप्सूलचा काडीचा उपयोग होत नाही. पिवळसर हिरवं, फेसाळ आणि वासाचं असेल तर ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी. तो संबंधातून पसरतो आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. जांघेत गोल, कडेला उठलेले लालसर-काळसर चट्टे असतील तर तो नायटा. तीही बुरशीच, पण वेगळ्या जातीची, आणि तिचे उपचार जास्त दिवस चालतात. आणि पांढरं काहीच जात नाही, नुसती खाज आहे, कातडी पांढुरकी पातळ पडली आहे किंवा चामड्यासारखी जाड झाली आहे, तर तो त्वचेचा आजार. बुरशीच्या ट्यूबा वर्षानुवर्षं चोळल्या तरी तो हटत नाही.

लघवी करताना जळजळ झाली की सगळे म्हणतात लघवीचं इन्फेक्शन. जळजळ नक्की कुठं होते ते एकदा नीट लक्षात घ्या. आतून, लघवी सुरू होतानाच होत असेल, घाई होत असेल, थोडी थोडी लागत असेल, तर लघवीचं इन्फेक्शन. लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागल्यावर झोंबत असेल, तर बहुधा बुरशी. हे कळलं नाही की कुणीतरी अँटिबायोटिक देतं. त्यात योनीतले चांगले जिवाणू मरतात, तिथला आंबटपणा टिकवणारे तेच असतात. रान मोकळं सापडलं की बुरशी दुप्पट जोरानं येते. मग ती कमी करायला कॅप्सूल, पुढच्या महिन्यात पुन्हा जळजळ, पुन्हा अँटिबायोटिक. काही जणींची दोन-दोन वर्षं या फेऱ्यात जातात. पुढे कधी दाढेसाठी किंवा घशासाठी अँटिबायोटिक घ्यावंच लागलं, तर "मला बुरशीचा त्रास आहे" हे आधी सांगा, डॉक्टर सोबत काही देतील.

तेव्हा येत्या वेळी कॅप्सूल घ्यायच्या आधी तपासणी. तीही त्रास चालू असतानाच, बरं वाटल्यावर गेलात तर काही सापडायचं नाही. आधीचा आठवडाभर आत ट्यूब किंवा गोळी ठेवलेली नसावी, आदल्या दिवशी आतून धुऊ नये, संबंध टाळावा, पाळीचे दिवस नकोत. डॉक्टर कापसाची काडी फिरवून स्राव घेतात. एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) या रसायनाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे आणि कळ्या दिसल्या की दहा मिनिटांत निदान. सोबत पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजणारी, कागदी पट्टी लावली तर आणखी बरं. बुरशीत पीएच साधारण 4 ते 4.5 राहतो. त्याच्या वर गेला की जिवाणू किंवा ट्रायकोमोनासचा संशय घ्यायचा.

तुमच्यासारखं वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा झालेलं असेल, तर एवढ्यावर थांबू नये. 'फंगल कल्चर, जात ओळखून' असं लिहून मागा, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात बघतात. या बुरशीचं नाव कॅन्डिडा. दहांतल्या आठ-नऊ वेळा तिची अल्बिकन्स ही जात निघते आणि ती फ्लुकोनाझोल या नेहमीच्या कॅप्सूलला दबते. पण ग्लॅब्राटा जातीची निघाली तर त्या कॅप्सूलचा परिणाम कमी होतो, आणि क्रुसेईवर तर होतच नाही. शुगर असलेल्या बायकांत ग्लॅब्राटा जरा जास्त सापडते. पाच कॅप्सूल वाया गेल्या की पुरत्या लागल्या नाहीत, हे या एका रिपोर्टवर ठरतं. त्याला काही दिवस लागतात, तोवर वरवरचं औषध चालू ठेवता येतं. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल म्हणजे बिम्स आहे, मेडिकल कॉलेजांच्या प्रयोगशाळा आहेत, तिथं विचारा. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना कोल्हापूर-मिरज जवळ पडत असेल तर तिकडे करा. रिपोर्ट इंग्रजीत असतो, इथला तिथं आणि तिथला इथं चालतो, फक्त मूळ कागद जपून ठेवा.

रिपोर्टमध्ये अल्बिकन्स आली असं धरून चालू. मग एक कॅप्सूल घेऊन थांबणं हीच आतापर्यंतची चूक. एका 150 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलनं साधी, कधीमधी होणारी बुरशी जाते. वारंवार होणारीत ती वरवर दबते, मुळाशी राहते, आणि पोषक दिवस आले की उगवते. शेतात हरळी वरून कापली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून उपचार दोन टप्प्यांत असतो. पहिला टप्पा सगळी बुरशी मारायची: फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम, दर तीन दिवसांनी एक, अशा तीन. सोमवारी पहिली घेतली तर दुसरी गुरुवारी, तिसरी रविवारी. दुसरा टप्पा तिला परत उठू द्यायची नाही: आठवड्यातून एकच कॅप्सूल, ठरल्या वारी, सहा महिने. गावच्या बाजाराचा वार धरा म्हणजे विसरणार नाही, आणि घेतल्यावर कॅलेंडरवर फुली मारा. साधारण सव्वीस फुल्या होतात. गंमत अशी की बहुतेकजणी सहाव्या-सातव्या फुलीला सोडतात, कारण तोवर खाज पार गेलेली असते.

सहा महिन्यांनी काय होतं तेही आत्ताच माहीत असावं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सहा महिने आठवडी कॅप्सूल घेणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणींना त्या काळात त्रास झाला नाही, औषध नसलेली, नुसती नावाची गोळी घेणाऱ्यांत तोच आकडा 36 होता. औषध थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर मात्र नव्वदाचे 43 उरले. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना ती परत येते. तसं झालं तर औषध फसलं असं समजू नका. पुन्हा कल्चर करायचं आणि पुन्हा तोच क्रम लावायचा.

ही कॅप्सूल साधी वाटते, पण इतर औषधांत ढवळाढवळ करते. शुगरसाठी ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर तिच्यामुळे त्यांचा जोर वाढतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. कॅप्सूलच्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस जेवण चुकवू नका, शेतावर जाताना खिशात गूळ किंवा साखर असू द्या. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, फिटची फेनिटोइन, कोलेस्टेरॉलची काही औषधं, हृदयाचे ठोके बिघडलेल्यांची औषधं, जुना यकृताचा आजार, यांतलं काहीही असेल तर आधी सांगा. म्हणून सहा महिन्यांचा हा कोर्स चिठ्ठीवरच घ्यायचा, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावर नाही. आणि वय 41 असलं तरी पाळी चालू आहे, दिवस राहू शकतात. पाळी चुकली तर कॅप्सूल थांबवून आधी लघवीची तपासणी. गरोदरपणी ही तोंडावाटे घेत नाहीत, तेव्हा आत ठेवायचं क्लोट्रिमाझोल सात रात्री वापरतात.

ग्लॅब्राटा निघाली तर डॉक्टर 600 मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिडच्या कॅप्सूल देऊ शकतात, रोज रात्री एक योनीत ठेवायची, तीन आठवडे. ही कॅप्सूल तोंडानं घेतली तर विषारी आहे. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, गरोदरपणात वापरू नका. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती पावडरही बोरिकच, म्हणून कुणी तीच वापरायचा सल्ला देईल. ती मापात नसते, शुद्ध नसते, आणि आतली कातडी भाजून निघते.

आत ठेवायचं क्लोट्रिमाझोल ज्यांना मिळतं त्यांचा अर्धा उपयोग ठेवण्याच्या पद्धतीनं वाया जातो. रात्री झोपतानाच ठेवायचं, कारण उभं राहिलं की ते गळून येतं. हात साबणानं धुवायचे, नखं कापलेली हवीत. उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, गोळी बोटानं किंवा सोबतच्या नळीनं आरामात जाईल तितकी आत सारायची, जोर लावायचा नाही. सकाळी पांढरे कण पडतात, ती विरघळलेली गोळी. पुन्हा आजार झाला म्हणून गोंधळू नका. शुगरवाल्यांना एका रात्रीचा डोस पुरत नाही, सात ते चौदा रात्री लागतात, आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी ठरलेल्या रात्री पूर्ण करायच्या. ही क्रीम आणि गोळ्या तेलकट असतात, त्या दिवसांत निरोधचं रबर कमकुवत होतं.

तुमच्या ट्यूबबद्दल पत्रात काही कळत नाही, म्हणून तीही उलटून वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एक नाव असेल तर ती स्टेरॉइडची ट्यूब. "खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवरून बहुतेक तीच हातात येते. बुरशीचं औषध, स्टेरॉइड, अँटिबायोटिक, सगळं एकाच नळीत. दोन दिवसांत खाज विझते, कारण स्टेरॉइड लाली आणि खाज झाकतं. झाकणाखाली बुरशी वाढत राहते आणि ट्यूब थांबवली की दुप्पट भडकते. वर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, चिरा पडतात. तुमचं "चार दिवसांत बरं, दीड महिन्यात पुन्हा" हे त्यात तंतोतंत बसतं. नुसतं क्लोट्रिमाझोल असलेली ट्यूब मागा.

डेटॉलबद्दल जाऊबाईंना नम्रपणे नाही म्हणा. तुरटीचं पाणी, लिंबू, कडुनिंबाचा काढा, सुगंधी वॉश, दही, लसूण, सगळ्यालाच. योनीमार्ग स्वतःच स्वच्छ राहतो, त्याला आतून धुवावं लागत नाही. धुतलं की चांगले जिवाणू जातात आणि सोललेल्या कातडीवर औषधी पाणी पडून जी आग होते ती रोगाची की धुण्याची हेही मग कळेनासं होतं. बाहेरून साध्या पाण्यानं, दिवसातून एक-दोनदा, पुढून मागं, इतकं पुष्कळ. खाज असह्य झाली तर नखं लावू नका, गार पाण्यात पिळलेलं मऊ कापड पाच-दहा मिनिटं धरा. लघवी झोंबत असेल तर जायच्या आधी बाहेरच्या कडांवर साध्या पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट फिरवा, आणि लघवी करताना वरून तांब्याभर पाणी सोडत राहा.

भातलावणीचं काय करायचं, ते महत्त्वाचं आहे, कारण काम थांबवून चालणार नाही. गुडघाभर चिखलात, डोक्यावर खोळ असली तरी परकर आणि चड्डी सकाळी नऊपासून ओली, ती दिवेलागणीपर्यंत अंगावरच. ओल्या कपड्यानं बुरशी जन्मत नाही, पण फुगलेली, घासलेली कातडी तिला सोपी जाते. एका प्लास्टिकच्या पिशवीत सुती चड्डी आणि परकराचा एक कोरडा जोड न्या, दुपारच्या भाकरीच्या वेळी आडोशाला बदला, जांघ जुन्या सुती पंचानं टिपून घ्या, रगडू नका. घरी आल्यावर पहिल्यांदा कोरडं नेसा, मग चूल. पावसाळ्यात कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट चड्डी तशीच घातली जाते. गरम पाण्यात धुऊन, हवेशीर वाळवून, घालण्याआधी गरम इस्त्री फिरवली की दमटपणा जातो. पाळीची कापडंही तशीच, आणि ती चार ते सहा तासांनी बदला. निपाणीकडं विड्या वळायला तासन् तास मांडी घालून बसणाऱ्यांनी नायलॉनची घट्ट चड्डी सोडली आणि दर तास-दीड तासानं उठून दोन पावलं चाललं तरी घासणं बरंच कमी होतं.

आता तुमचे प्रश्न. नवऱ्याकडून? साधारणपणे नाही. कॅन्डिडा शंभर निरोगी बायकांतल्या दहा ते वीस जणींच्या योनीत काही त्रास न देता असतेच, आतड्यातही असते. ती उसनी आणावी लागत नाही, म्हणून घरात कुणी कुणावर संशय घ्यायचं कारण नाही. नवऱ्याला काहीच त्रास नसेल तर त्यांना औषध देऊन तुमचं येणं थांबत नाही, हे पाहिलेलं आहे. त्यांना टोकावर लाली, खाज, पांढरी पुटं असतील तर मात्र दाखवून साधी क्रीम लावायची. त्यांनाही शुगर असेल आणि तीच 'ग्लिफ्लोझिन' चालू असेल, तर त्यांना होण्याचं कारणही तेच. आग शमेपर्यंत संबंध थांबवा.

कॅन्सर? बुरशीतून गर्भाशयमुखाचा कॅन्सर होत नाही. पण संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव, रक्तमिश्रित दुर्गंधी पाणी जाणं, यांतलं काही असेल तर लगेच तपासून घ्या. नसलं तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. एकदा टेबलावर झोपणारच आहात, त्याच वेळी तीही उरकून घ्या. एचआयव्हीची तपासणीही डॉक्टर एकदा सुचवतील, ती आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी सल्ला व तपासणी केंद्रात मोफत आणि गुप्त असते. यादीतली एक रक्ततपासणी, एवढाच तिचा अर्थ.

सासूबाईंचं गोड? शुगर आहे म्हणून गोडाला आवर घालायचाच, त्या अर्धं बरोबर बोलतात. ज्यांना शुगर नाही त्यांनी बेळगावचा कुंदा सोडला म्हणून बुरशी जात नाही. इडली आणि पावही सोडू नका, त्यातली आंबवण या बुरशीहून वेगळी.

रातोरात दवाखान्यात धावायचं ते अशा वेळी: ताप, थंडी, आणि खालचा भाग सुजून, लाल-जांभळा पडून असह्य ठणकत असेल तर. 'ग्लिफ्लोझिन' घेणाऱ्यांत क्वचित तिथल्या ऊतींचा गंभीर संसर्ग होतो, त्यात तासांचा फरक पडतो, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जा.

लाजेबद्दल. जिल्हा हॉस्पिटलात 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा विभाग असतो, ते रोज याच तक्रारी ऐकतात. तिथं अंगावरून जाण्याच्या तक्रारीला हिरव्या रंगाचं एक औषधाचं पाकीट मोफत देतात. त्यात जिवाणू-ट्रायकोमोनासचं सेक्निडाझोल आणि बुरशीची एक फ्लुकोनाझोल अशी दोन्ही असतात. ते चांगलं आहे, पण त्यातली बुरशीची कॅप्सूल एकच. तुम्हाला पाच वेळा झालंय हे आधी सांगितलं नाहीत तर पुन्हा एकाच कॅप्सूलवर घरी याल. तपासणीला बाई डॉक्टर हव्या असं काउंटरवरच सांगता येतं. सिस्टरला मराठी येत नसेल आणि दुभाष्या म्हणून दीर किंवा मुलगा नको असेल, तर चार कानडी शब्द पुरतात: पांढरं जाणं म्हणजे 'बिळी सेरगु', खाज म्हणजे 'तुरिके', आग म्हणजे 'उरि', आणि शुगर म्हणजे 'सक्करे कायिले'. एवढंही तोंडातून निघणार नसेल तर कागदावर लिहून द्या: किती वेळा झालं, कुठल्या महिन्यांत, काय काय घेतलं. आणि सगळ्या रिकाम्या पट्ट्या व ट्यूबा त्याच पिशवीत टाकून न्या, शुगरच्या पट्टीसकट.